मावशींनी पाहिलेला दुसरा रोग

मी आज हे लिहायला आहे तो वॉर्डातल्या मावशींमुळे. भिंगारच्या ख्रिस्ती बाई. रुग्णांची शौचाची भांडी धुणं हे त्यांचं काम. मला कापलं-शिवलं डॉक्टरांनी, पण आधी पाहिलं ते मावशींनी.

मी रत्नागिरीकडचा, सहावीत शाळा सुटलेला, लष्करी कॅन्टीनात पोळ्या लाटणारा. अन्न पोटात ठरेना, तेव्हा नगरच्या इस्पितळात खडूच्या पाण्यासारखं औषध पाजून फोटो काढले. जठरात कॅन्सरची गाठ दिसली. ऑपरेशन ठरलं. संध्याकाळी प्रत्येक खाटेभोवती माणसं नि डबे. माझ्याजवळचं स्टूल शेजारचे उचलून न्यायचे. आईला मी 'कामात आहे' एवढंच कळवलं होतं.

शौचावाटे वर्षभर रक्त जात होतं, ते मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. घाटावरचं तिखट बाधलं, असं धरून चाललो होतो. त्यात आईच्या वयाच्या बाईनं आपलं भांडं धुवावं याची लाज. भिंत धरत जाऊन मीच धुवायचो. एका सकाळी मावशींनी मोरीत गाठलं.

"काय ओ कोकणी, माझी नोकरी घालवता का? द्या हिकडं." भांड्यात पाहून त्या थबकल्या. "कधीपासनं हाय हे?"

"तिखटानं होतंय, मावशी."

"तिखट आमी बी खातो. गप पडा जाऊन. मी डॉक्टरांना सांगती."

डॉक्टरांनी खालून नळी घालून पाहिलं. आतड्याच्या शेवटीही गाठ! वरचाच रोग खाली पसरला असेल तर कापण्यात अर्थ नाही, म्हणाले. तुकडा तपासायला पुण्याला गेला. दहा दिवस मावशी रोज दारातूनच सांगायच्या, "आज बी न्हाई आलं." विचारायची माझी हिंमत नव्हती.

मग एकदा डॉक्टर खाटेवर टेकले. "ही गाठ तिथलीच, वरून आलेली नाही. तुम्हाला दोन वेगवेगळे कॅन्सर आहेत. दोन्ही काढता येतील."

मला हसूच आलं.

"दोन निघाले तरी हसतोय! असा पेशंट न्हाई बघितला बाई," मावशी म्हणाल्या.

दोन ऑपरेशनं झाली, मध्ये दीड महिना. शौचाची वाट आता पोटावर आहे. फडकं कसं बांधायचं, कातडी कशी जपायची, मावशींनीच शिकवलं. अजूनही पोटात जरा दुखलं की घाम फुटतो. मी घरी निघताना मावशी त्यांच्या ख्रिस्ती रीतीनं म्हणाल्या, "आईला माझा सलाम सांगा." एक दिवस मी त्यांना बोटीनं आमच्या गावी नेणार आहे, आईशेजारी पाटावर बसवून माझ्या हातानं रांधून वाढणार आहे. तेवढ्यानं फिटणार नाही, पण तेवढं मी करणारच.