विळीखालचे बारा शब्द

आमच्या वेबसाइटवर कार्डानं येणारे पैसे जी कंपनी घेऊन आमच्या बँकेत टाकायची, तिनं आमचं खातं बंद केलं, तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. पुण्याहून लेकीचा फोन आला.

"आई, त्यांनी आपल्याला हत्यारवाल्यांत टाकलंय. धारदार शस्त्रं विकणाऱ्यांचे व्यवहार करत नाही म्हणतात."

"कसली शस्त्रं गं?"

"विळी."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. विळी! एक लाकडी पाट, त्यावर उभं वाकडं पातं, टोकाला खोबरं खोवायचे दाते. बाई जमिनीवर बसते, पाटावर पाय दाबते आणि भाजी चिरते. ते मेले समजले, आम्ही दंगलीला माल पुरवतो. अरे, विळी घेऊन कुणाच्या अंगावर जायचं तर आधी ती पाटासकट उचलावी लागेल, तोवर समोरचा घरी जाऊन जेवून येईल!

आमचं दुकान वारूळवाडीत, नारायणगावाला लागून. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, भट्टी आणि ऐरण. ह्यांच्या घरात लोखंडाचं काम बापजाद्यांपासून. ट्रकच्या मोडक्या कमानपाट्याचं पोलाद तापवून हे पातं घडवतात, आणि ते पातं एकदा घेतलं की बाई पुन्हा विळी मागत नाही. तीच तर पंचाईत. त्यात घरोघरी ओटे आले, खाली कोण बसतंय? मग लेकीनं वेबसाइट काढली आणि परदेशातल्या आपल्या बाया विळ्या मागवायला लागल्या. कुणाला सासू आली म्हणून, कुणाला मोदकांसाठी, कुणाला नुसतीच आठवण म्हणून. कशाला का असेना, दुकान पुन्हा वाजायला लागलं.

पण ह्यांचा उजवा खांदा गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं, घण बंद, नाहीतर हात वर उचलणार नाही. घण मारायला दुसरा माणूस ठेवावा तर मिळत नाही, जो तो चाकणला कंपनीत. चाकणकडच्याच एका बंद पडलेल्या कारखान्यात पॉवर हॅमर होता, विजेवर चालणारा घण. मालक भला माणूस, दिवाळीपर्यंत आमच्यासाठी थांबायला तयार झाला. परदेशातून येणारा पैसा आम्ही त्या घणासाठीच बाजूला टाकत होतो. हे एकदा म्हणाले, "म्या रिकामा बसलो ना, तर वर्साच्या आत जाईन बघ." ते चेष्टेनं बोलत नव्हते, आणि मला तेव्हा फार भीती वाटली.

तर अशा वेळी खातं बंद. लेकीनं मेलवर मेल केले. विळीचा फोटो पाठवला, भाजी चिरतानाचा माझा व्हिडिओ पाठवला. तिकडून दरवेळी तेच उत्तर, पोपटासारखं. दुसऱ्या कंपनीकडं गेलो तर तिनंही नकार दिला. माणूस असता समोर तर मी त्याला बसवून बटाट्याच्या काचऱ्या करून दाखवल्या असत्या.

शेवटी लेक म्हणाली, "गिऱ्हाइकंच विचारतायत, क्रिप्टोनं पैसे देऊ का?"

मी म्हटलं, "नाव काढू नकोस. कॉइन घ्या, दुप्पट करून देतो म्हणत आले आणि आपल्याच गावातल्यांना टोपी घालून गेले."

"ते चोर होते, आई. हे तसं नाही. हे डॉलरला बांधलेलं नाणं आहे, वर जात नाही, खाली येत नाही. तिकडची बाई पाठवणार, आपल्या फोनवर येणार. मध्ये कुणी नाही. विळी म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगायला नको."

"आणि काही बिघडलं तर तक्रार कुणाकडं करायची?"

"कुणाकडंच नाही," ती म्हणाली. निदान खरं बोलली पोरगी.

सीएकडं गेलो. त्यानं डोक्याला हात लावला. कर भरावा लागेल, एक न एक पावती जपा, म्हणाला. जपतो म्हटलं. दुसरा रस्ताच कुठं होता?

लेक घरी आली आणि माझ्या फोनवर ती नाणी ठेवायचं पाकीट उघडून दिलं. ते उघडताना त्यानं बारा इंग्रजी शब्द दाखवले. साधेच शब्द, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. लेकीनं बजावलं, हीच किल्ली. फोन हरवला तरी हे शब्द असले की पैसे मिळतात. मात्र ज्याच्या हातात शब्द, त्याचे पैसे. फोटो काढायचा नाही, कुणाला पाठवायचे नाहीत. तिनं स्वतःजवळही ठेवले नाहीत. कागदावर ठेवावेत तर भिजतो, जळतो.

हे ऐकत होते. म्हणाले, "मंग लोखंडावर घालू की."

आमच्या घरातल्या पेल्यावर, पातेल्यावर, डब्याच्या झाकणावरसुद्धा नाव घातलेलं आहे. नाव घातल्याशिवाय वस्तू आपली होत नाही असं सासूबाई म्हणायच्या. लेकीनं ते शब्द देवनागरीत लिहून दिले, आणि ह्यांनी विळीच्या पाटाखाली जी लोखंडी पट्टी असते तिच्यावर एकेक अक्षर ठोकून काढलं. मग कागद भट्टीत टाकला, आणि पट्टी उलटी करून, अक्षरं लाकडाकडं ठेवून, पाटाला स्क्रूनं आवळून टाकली. लेक म्हणाली, "अप्पा, परदेशात लोक असंच पोलादावर कोरून ठेवतात." हे लई खूश झाले. ती विळी त्यांनी दुकानातल्या फळीवर बाकीच्या विळ्यांत ठेवली. चोर आला तरी विळीखाली कशाला बघतोय?

पैसे यायला लागले. बाई तिकडून पाठवायची आणि माझा चहा उकळेपर्यंत फोनवर दिसायचे. मला गंमत वाटायची. रुपये करून घ्यायचे ते घण आणताना एकदमच करू, म्हणजे सीएची कटकट एकदाच, असं ठरलं.

दिवाळीच्या तोंडाला ऑर्डरी वाढल्या. एक दिवस हे पातं पाण्यात बुडवून पाणी पाजत होते, मी वाकून बघत होते आणि माझा फोन पदरातून निसटला तो थेट त्याच पाण्यात. वाफेबरोबर माझी किंकाळी. नारायणगावच्या मोबाइलवाल्यानं उघडून बघितला आणि मान हलवली.

"असूदे," हे म्हणाले. "आपली पट्टी हाय की." आणि फळीपाशी गेले.

फळीवर एकही विळी नव्हती.

कुरिअरवाला घाई करत होता म्हणून त्या आठवड्यात मीही पॅक केल्या होत्या, ह्यांनीही केल्या होत्या. वरून सगळ्या सारख्याच! ह्यांनी अक्षरं अशी बेमालूम लपवली होती की त्यांना स्वतःलाही ओळखू येणार नाहीत. कोणती विळी कोणत्या देशात गेली, देव जाणे. हे ऐरणीवर बसले आणि दुखरा खांदा धरून नुसते जमिनीकडं बघत राहिले. एरवी मी तोंड सोडलं असतं. त्या दिवशी मी जाऊन भट्टी विझवली.

लेक सुट्टी काढून आली. तिच्या लॅपटॉपवर आमच्या पाकिटातले पैसे दिसत होते. दिसायचे फक्त, हात लावता येत नव्हता. ती रोज सकाळी उठून आधी ते बघायची. "आहेत," म्हणायची, मग दात घासायला जायची.

तिनं युक्ती काढली. "सगळ्यांना कळवू, स्क्रू खराब निघालेत, विळी परत पाठवा, नवीन देतो."

मी म्हटलं, "आणि तिनं पाठवायच्या आधी उघडून बघितली तर?"

"आणि खरं सांगितलं तर? आई, जी वाचेल तिचे पैसे! उचलले तर पोलीससुद्धा काही करू शकणार नाहीत."

"दोन्हीकडं सगळं तिच्याच मनावर आहे ना? मग खोटं कशाला बोलू? बाकी काही नसलं तरी तोंड तरी स्वच्छ राहील."

लेक रडली, माझ्यावर चिडली, पण शेवटी तिनंच तिचा फोन माझ्यासमोर धरला. मी बोलले, "बायांनो, तुमच्यातल्या एकीकडं आमच्या पैशाच्या पेटीची किल्ली गेलीय. विळीच्या पाटाखालची पट्टी काढून बघा. आत बारा शब्द असतील. जिच्याकडं निघतील तिनं कृपा करून फक्त मला फोन करा. ते आमच्या दुकानाचे पैसे आहेत, ह्यांच्यासाठी यंत्र घ्यायचंय." आणखी काय बोलणार? पाठवून दिलं.

आणि मग फोटो यायला लागले. उलट्या पाडलेल्या विळ्या! एकीच्या खिडकीबाहेर बर्फ, एकीच्या ओट्यावर चकल्या, एकीचं लेकरू विळीपेक्षा जास्त फोटोत. कोऱ्या पट्ट्या, सगळ्या कोऱ्या. एकीच्या नवऱ्यानं स्क्रू काढताना बोट कापून घेतलं, तिला मी हळद लावायला सांगितली. एकीनं तेवढ्यात खोवणीचे दाते बोथट आहेत म्हणून तक्रार करून घेतली. काही जणी तर नुसत्याच चौकशीला फोन करायच्या, सापडली का हो? मी ह्यांना म्हटलं, बघा, किती बाया तुमच्यासाठी जमिनीवर बसल्यात.

एकीचंच उत्तर येईना.

ती शिनोलीची. माझं माहेर घोडेगाव, म्हणजे आमच्याच बाजूची. परदेशात नर्स आहे. म्हातारी आई इकडं एकटी होती, तिला घेऊन गेली. आईला आता काही आठवत नाही, लेकीलाही कधी बाई म्हणते कधी सिस्टर. पण हातात भाजी दिली की खाली बसून पायानं विळी चाचपायची, म्हणून तिनं मागवली होती. ऑर्डर देताना माझ्याशी खूप वेळ बोलली होती, ताई ताई करत. माझा निरोप तिनं ऐकलेला होता, निळ्या खुणा दिसत होत्या. पहिल्याच दिवसापासून दिसत होत्या.

लेक आता सकाळी "आहेत" म्हणायच्या आधी दोनदा बघायची. चाकणच्या मालकाचा फोन आला, दुसरं गिऱ्हाईक आलंय, काय करू? ह्यांनी सांगितलं, "दोन दिस थांबा, राव." फोन ठेवला आणि डाव्या हातानं उगाच हातोडी उचलून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शिनोलीची बोलली. व्हिडिओ नाही, साधाच फोन.

"ताई, लिहून घ्या," म्हणाली. मी लेकीला हाक मारली. तिकडून तिनं एकेक शब्द वाचला, लेक माझ्यासाठी आणलेल्या नव्या फोनवर टाकत गेली. बारावा शब्द टाकला आणि पाकीट उघडलं. सगळे पैसे जिथल्या तिथं. माझा जीव भांड्यात पडला. मी तिला आशीर्वाद द्यायला लागले, तिनं मला थांबवलं.

"आशीर्वाद नका देऊ. तुमचा निरोप आला त्याच दिवशी मी पट्टी काढली होती. इतके दिवस गप्प बसले. आईला सांभाळणारी बाई ठेवलीय, तिचे पैसे थकलेत, ती सोडून जाईन म्हणते. मी ड्यूटीवर गेले तर आईजवळ कोण बसणार? मला मोह झाला, ताई. रोज झाला. म्हणून सांगते, आत्ताच्या आत्ता पैसे दुसरीकडं हलवा. शब्द माझ्या डोक्यात बसलेत. माझा भरवसा धरू नका."

लेकीचं बोट बटणावर होतंच. ह्यांनी तिचं मनगट धरलं आणि फोनकडं वाकले.

"ताई, ऐका. हालवतो. पण आज न्हाई. उद्या सकाळी."

"दाजी, नको," ती म्हणाली. "असं करू नका माझ्यावर."

"उद्या सकाळी," हे म्हणाले. तिकडून हुंदका आला आणि फोन बंद झाला.

लेक बापावर ओरडली, जन्मात ओरडली नव्हती एवढी. मीही ओरडले. वेड लागलंय का म्हटलं, तुमचा खांदा, तुमचं यंत्र, उद्यापर्यंत काय बाकी राहील? हे शांतपणे म्हणाले, "तिनं येवडं त्वांडावर सांगितलं आन् आपण लगीच कुलूप लावायचं? मंग तिला जलमभर चोर म्हणल्यागत व्हईल." आणि ऐरण पुसायला लागले. त्या माणसाचा मला संताप आला, आणि त्याच वेळी त्याच्याशी लग्न झालं याचं मला एवढं बरं वाटलं की रडूच आलं.

सकाळी लेकीनं बघितलं. सगळे होते. तिनं नव्या पाकिटात हलवले आणि मी शिनोलीच्या बाईला कळवलं, हलवले हो. दाजींनी तुमच्या सांभाळणाऱ्या बाईसाठी थोडे तुम्हाला पाठवायला सांगितलेत, नाही म्हणू नका.

तिचं उत्तर लगेच नाही आलं. आलं ते असं:

"ताई, निरोप आत्ता बघितला. काल फोन ठेवल्याबरोबर मी माझा मोबाइल आणि लॅपटॉप शेजारणीकडं नेऊन दिले होते. तिला म्हटलं, सकाळपर्यंत मी रडत दारात आले तरी मला देऊ नकोस."