शाल, नारळ आणि न झालेला नाच

२२ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी भाड्याच्या हॉलमध्ये खुर्च्या उचलून भिंतीला लावत होते. एकटीच. मंडळाचे स्वयंसेवक समोसे मोजण्यात गुंतले होते.

मधली जमीन मोकळी हवी होती, कारण त्या दिवशी आम्हाला लोकांना नाचवायचं होतं. आम्ही म्हणजे दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीतली आठ माणसं. दर गुरुवारी संध्याकाळी एका बिल्डिंगच्या कम्युनिटी रूममध्ये जमतो आणि स्कॉटलंडची जुनी लोकगीतं, नाचाच्या धुना वाजवतो. मी व्हायोलिन वाजवते. हे सुरू केलं ते एका निवृत्त स्कॉटिश शाळामास्तरणीने. आम्ही तिला मॅडम म्हणतो. पुढ्यात कागद नसतो. मॅडम एक तुकडा वाजवते, आपण तो कानाने उचलायचा, मग पुढचा. खुर्च्या गोलात, तोंडं आत. ऐकायला कुणी आलंच तर त्याच्या हातात डफ देतात किंवा त्याला नाचायला ओढतात. प्रेक्षक ही जातच नाही.

डिसेंबरात मॅडम कायमची गावी परतणार होती. दुसरा स्कॉटिश गडी, कॉन्सर्टिना ही हातातली छोटी पेटी वाजवणारा इंजिनियर, त्याची अबुधाबीला बदली झाली होती. उरलो सहा, त्यातले दोघे शिफ्टवाले. नवी माणसं आली नाहीत तर गुरुवार बंद, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून मीच आमच्या महाराष्ट्र मंडळात हा कार्यक्रम ठरवला. दोनशे माणसांतली वीस नाचली, तर पाच तरी गुरुवारी येतील, असा माझा साधा हिशोब होता.

चारच्या सुमाराला अध्यक्ष आले. मोकळी जमीन बघून दचकले.

"वहिनी, हे काय? पब्लिक बसणार कुठे?"

"बसायचं नाहीये. नाचायचंय. आपलं बोलणं झालंय."

"अहो, स्पॉन्सर येतायत फॅमिली घेऊन. त्यांना उभं ठेवू? यल्ला, लावा रे खुर्च्या!"

माझ्या डोळ्यांदेखत खुर्च्यांच्या रांगा लागल्या. आम्हाला स्टेजवर चढवलं, एका ओळीत, लोकांकडे तोंड करून. शेजारच्याची बोटं दिसेनात. मग अध्यक्ष माझ्या कानाशी आले.

"ओरिजिनल किती आहेत?"

"म्हणजे?"

"म्हणजे स्कॉटिश. त्यांना पुढे घ्या ना. फोटोला बरं दिसतं. तुम्ही आणि ते केरळचे, फिलिपिन्सचे, जरा मागे."

मॅडमने विचारलं, काय म्हणतायत? मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं, साखर न घालता. ती म्हणाली, "मग मलाही मागेच बसव. मागे गप्पा बऱ्या होतात."

ती हसली. मला हसू आलं नाही. ज्या अध्यक्षाने आयुष्यभर मुंबईत लोकांकडून 'तुम्ही कुठले' ऐकून घेतलं, तोच इथे येऊन ओरिजिनल शोधतो.

त्यानंतर सत्कार. आधी दीपप्रज्वलन, मग स्पॉन्सरचं मनोगत, मग स्पॉन्सरच्या भावाचं मनोगत. मग पाहुण्यांना शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. वाजवायच्या आधी सत्कार करणारे जगात फक्त आपणच असू. मॅडमच्या खांद्यावर शाल, मांडीवर नारळ, नारळावर स्मृतिचिन्ह. व्हायोलिन धरायला हातच मोकळा नाही. मी उठून नारळ उचलला आणि खाली ठेवला. पहिल्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, जमिनीवर नको, अपशकुन होतो!"

हॉल सहापर्यंतच आमचा होता. पावणेसहाला अध्यक्षांनी माइक घेतला. "वेळेअभावी पाहुणे आता एकच आयटम सादर करतील."

मी विंगेत त्यांना गाठलं. "नाच कधी?"

"वहिनी, टेन्शन घेऊ नका. पाहुण्यांचा मान नको का ठेवायला?"

"भोंडल्याला तुम्ही बायकांना स्टेजवर चढवून शाली देता का? की समोर खुर्च्या मांडून बघता?"

"ते आपलं घरचं असतं हो."

"हे त्यांचं घरचंच होतं."

त्यांनी मला मनगटावरचं घड्याळ दाखवलं. एवढ्यात साउंडवाल्याने कुणाच्या तरी फोनवरून बॅगपाइपवर ढोल चढवलेलं रीमिक्स सोडलं, वातावरणनिर्मिती म्हणून. ते बंद करण्यात आणखी वेळ गेला. शेवटी आम्ही एक धून वाजवली, घाईत. दोनशे माणसांनी फोन वर धरले. टाळ्या वाजल्या. एक पाऊलही कुणी टाकलं नाही. सहाला हॉलवाल्याने दिवे घालवले.

गाडीत मुलगी म्हणाली, "आई, चिल. दे लव्ह्ड इट."

"लव्ह करून काय करू? गुरुवारी येणार आहे का कुणी?"

"यू कुड कॉल दि डान्सेस युअरसेल्फ, ना. मॅडम गेल्यावर कुणी तरी करायलाच हवं."

नाच पुकारणं हे काम मी आजवर टाळलं होतं. नाचणाऱ्यांना पुढचं पाऊल आधी ओरडून सांगायचं, तेही वाद्यांच्या वरून. मॅडमने दोनदा विचारलं होतं, मी दोनदा वेळ नाही म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या ग्रुपवर सत्काराचे फोटो आले, खाली 'भव्य यश'. मी लिहिलं, "नाच झालाच नाही. ज्यांना नाचायचंय त्यांनी गुरुवारी सातला कम्युनिटी रूममध्ये या. सत्कार होणार नाही." मंडळाच्या सांस्कृतिक समितीतून माझं नाव काढायला सांगितलं. अध्यक्षांचा फोन वाजत होता, तो घेतला नाही. चालत मॅडमच्या बिल्डिंगमध्ये गेले. तिचं अर्धं घर खोक्यांत भरलेलं होतं. म्हटलं, पुकारायला शिकव. तिने खोकी भिंतीला सरकवली, व्हायोलिन काढलं आणि मला खोलीच्या मधोमध उभं केलं. पहिल्या चार हाका तिला पसंत पडल्या नाहीत.

"विनवण्या करू नकोस," ती म्हणाली. "हुकूम सोड. आणि पाऊल पडायच्या आधी, पडल्यावर नाही."

मी पुन्हा सुरुवातीपासून पुकारलं.