खंडेनवमीचं अपडेट

आमच्या मालकांना कंप्युटर चालवणारं लिनक्स आवडायचं, कारण ते फुकट होतं. आणि नेमक्या त्याच कारणानं त्यांना ते अपडेट करणं म्हणजे थेरं वाटायची. "फुकट मिळालेल्या वस्तूचं सारखं काय नवं करायचं? चालतंय ना? मग हात लावू नका." मंडईजवळच्या त्या ऑफिसात हे मी इतक्यांदा ऐकलं, की अजूनही कुणी "चालतंय ना?" म्हटलं की माझं डोकं फिरतं.

पुण्यात गल्लोगल्ली कंप्युटरचे क्लास निघाले होते, तेव्हाची गोष्ट. आम्ही लहान कारखान्यांच्या पगाराचे हिशेब करून द्यायचो. सगळं एका मुख्य मशीनवर, आणि ते मशीन सांभाळणारी मी. त्यात नवी नवी भोकं सापडत राहतात, ती वेळच्या वेळी बुजवावी लागतात, नाहीतर परका माणूस बाहेरून आत शिरतो, हे मी मालकांना शिकवणी घेतल्यासारखं सांगत होते. शेवटी शिरलाच. आमच्या ईमेलच्या पत्त्यावरून मर्दानी ताकदीच्या गोळ्यांच्या जाहिराती जगभर गेल्या. त्यातली एक आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाच्या सौभाग्यवतींना पोचली, तेव्हा कुठे मालक जागे झाले. पण परवानगी दिली तीही अशी, "सुट्टी बघून करा. खंडेनवमीला पूजा झाली की ऑफिस बंदच आहे. तुम्हाला काय, तुमच्याकडे कुठे दसरा असतो?"

आमच्याकडे असतो. दसऱ्यालाच नागपूरला आमच्या लोकांनी धम्म स्वीकारला. छप्पन साली माझे बाबा शाळकरी पोर होते आणि आजोबांचं बोट धरून त्या मैदानावर उभे होते. पुढे सरकारी नोकरीत त्यांनी बाकी कधी रजा मागितली नसेल, पण दसऱ्याला नागपूर चुकवलं नाही. मग हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी प्रवासच बंद केला. त्या वर्षी पहिल्यांदा होकार मिळाला होता, तोही मुलगी बरोबर असेल तर. खंडेनवमीच्या संध्याकाळची तिकिटं बाबांनी स्वतः रांगेत उभं राहून काढली होती.

माझा बेत साधा होता. सकाळी अपडेट सुरू करायचं, ते चालू असताना कर्वेनगरला घरी जाऊन बाबांना घ्यायचं, वाटेत ऑफिसात उतरून मशीन एकदा बंद-चालू करून बघायचं आणि तसंच स्टेशन गाठायचं. निघताना मी पडद्यावर ठळक अक्षरांत कागद चिकटवला, "काम चालू आहे. या कंप्युटरला कोणीही हात लावू नये."

बाबांना घेऊन परत आले तर ऑफिसात अंधार. सगळ्या मशीनना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, समोर पेढे. आणि माझं मशीन मेलेलं. मेन स्विच खाली ओढलेला होता. वीज गेल्यावर चालणाऱ्या बॅटरीनं थोडा वेळ तग धरला असेल, मग तिनंही मान टाकली.

ऑफिसात हिशेब बघणाऱ्या आणि दरवर्षी पूजा करणाऱ्या काकांना मी घरी फोन लावला.

"काका, मेन स्विच कोणी बंद केला?"

"मी. दरवर्षी करतो. पूजा झाली की यंत्रांनी विसावा घ्यायचा असतो."

"अहो, मी कागद लावला होता!"

"वाचला की. हात लावू नये असं लिहिलंय आपण. मी बोटसुद्धा लावलं नाही. माळही लांबूनच टाकली."

मी फोन ठेवला. स्विच वर केला तर मशीन अर्धं जुनं, अर्धं नवं. एका भागाला दुसऱ्याची ओळख पटेना. सुरू व्हायचं, एक ओळ दाखवायचं आणि गप्प बसायचं. मालकांना कळवलं, तर ते म्हणाले, "उभं करूनच जा. परवा पगार काढायचेत. आणि बघा, म्हणून मी सांगत होतो, चालत्या गोष्टीला हात लावू नये."

बाबा खुर्चीत बसले होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर बॅग. गाडीची वेळ जवळ आली तेव्हा ते मुद्दाम भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नव्हते. मला काकांचा राग आला, मालकांचा आला, आणि रागावत नव्हते म्हणून बाबांचाही आला.

"तू कर," ते म्हणाले. "नागपूर कुठे पळून जातंय?"

गाडी गेली. मी त्यांना रिक्षात बसवून घरी पाठवलं. मशीन दसऱ्याच्या दुपारी उभं राहिलं. घरी पोचले तर टीव्हीवर दीक्षाभूमीची गर्दी दाखवत होते आणि बाबा तोच पांढरा शर्ट घालून समोर बसले होते. मला बघून म्हणाले, "हे तुला परत कधी करावं लागतं?"

"करतच राहावं लागतं."

"मग त्या लोकांना सांग, दसरा तेवढा सोडा."

मी सांगितलं. पुढच्या वर्षी मशीन पुन्हा जुनं झालं आणि मालकांनी पुन्हा खंडेनवमीच काढली. मी अपडेट सुरूच केलं नाही. काकांची पूजा आटोपायची वाट बघितली, मेन स्विच स्वतःच्या हातानं खाली ओढला आणि संध्याकाळच्या गाडीनं नागपूरला गेले. एकटीचंच तिकीट काढून. बाबा त्याच दुखण्यानं उन्हाळ्यातच गेले होते.