जावयासाठी शंभर नंबर

आमचा जावई आमच्याच घरातून, भर दुपारी, पोटभर जेवून हरवला.

आज हे मी खुर्चीत बसून शांतपणे लिहितोय. त्या दिवशी मात्र हे वाक्य माझ्या तोंडून धड बाहेर पडत नव्हतं, आणि जे बाहेर पडलं ते सगळं चुकीच्या माणसांसमोर पडलं.

माझी सगळी नोकरी येलदरीच्या धरणावर कारकुनीत गेली. पाणी सोडायची वेळ आली की आधी कुणाला फोन करायचा आणि कुणाला सावकाश कळवलं तरी चालतं, याची तिथे कडक शिस्त होती. निवृत्त होऊन परभणीत घर केलं आणि गल्लीतला पहिला फोन आमच्याकडे आला, तेव्हा मी ती शिस्त घरातही लागू केली. नियम सोपा होता. जी गोष्ट अजून चालू आहे ती शंभर नंबरवर, जी होऊन गेली ती पोलिस ठाण्याच्या साध्या नंबरवर. घरात चोर शिरलाय, शंभर. चोर येऊन गेला, साधा नंबर. ते नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. आज मोर्चा, उद्या बंद, परवा जमावबंदी. पोलिसांना घरी जेवायला जाण्याचीही मारामार होती. त्यांना उगाच त्रास दिलेला मला चालणार नाही, असं मी घरच्यांना बजावून ठेवलं होतं. (घरच्यांनी तोवर फोनला हातही लावला नव्हता.)

"आन जी गोष्ट व्हायची हाय ती?" बायकोने विचारलं.

"ती आधी मला सांगायची."

"म्हंजी कुठंच न्हाई," असं म्हणून ती भाकरी थापायला गेली.

त्या वर्षी अधिक महिना आला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांनी येतो, आणि त्या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे, वाण द्यायचं, पोशाख करायचा. आमच्या सुमनच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. जावई पूर्णेला रेल्वेत होते. स्वभावाने इतके गरीब, की ताटात कुणी वाढायला वाकलं तर नको म्हणून त्याचं मन कसं मोडायचं, हा त्यांना प्रश्न पडायचा. आणि आमच्याकडे जेवताना म्हटलेलं 'नको' कुणी खरं धरत नाही. बायकोने वाढलं, सुमनने वाढलं. शेवटचा धोंडा मी स्वतःच्या हाताने त्यांच्या तोंडात घातला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, प्रेमाने आलं.

पोशाखाचं मात्र घरात थोडं वाजलं होतं. बायकोचं म्हणणं, पहिला धोंडा आहे, जावयाच्या बोटात अंगठी घाला. मी म्हणालो, अंगठी बोटात बसून राहते, माणसाच्या कामाला येत नाही. मी सफारीचं कापड आणि काळे बूट आणले. बूट घातल्यावर जावई म्हणाले, "लय झ्याक हायत." मी बायकोकडे विजयाने पाहिलं, आणि जावयांच्या झिजलेल्या जुन्या चपला तिथल्या तिथे दारावर आलेल्या भिकाऱ्याला देऊन टाकल्या.

जेवणानंतर त्यांना ओसरीवर खाट टाकून दिली आणि आम्हीही आडवे झालो. मला जाग आली तेव्हा खाट रिकामी होती. परसात नाहीत, माळवदावर नाहीत, न्हाणीत नाहीत. आणि नवे बूट उंबऱ्याशी जोडीने ठेवलेले.

ते बूट पाहून बायकोने कपाळाला हात लावला. तिच्या मते प्रकरण स्वच्छ होतं. अंगठी मिळाली नाही म्हणून जावई रुसले, बूट दारातच ठेवून अनवाणी स्टेशनवर गेले. मला ते पटेना. इतका गरीब माणूस रुसला तरी सांगून रुसेल. पण अनवाणी माणूस जाऊन जाऊन जाणार किती लांब? माझी नजर परसातल्या आडाकडे गेली. तोंडावर पाणी मारावं म्हणून गेले असतील, पोट जड, वाकले असतील... मी आडात डोकावलो. खाली फक्त माझं स्वतःचं तोंड दिसलं, आणि ते काही धीर देणारं नव्हतं.

सुमन खांबाला धरून उभी होती. रडत नव्हती. ते मला जास्त लागलं.

"काय करायचं ते इचार करून करा," बायको हळू आवाजात म्हणाली. "रुसून गेले आसतील आन तुमी पोलिस आणले, तर सारी पूर्णा म्हणंल सासऱ्यानं जावयामागं पोलिस लावले. आपल्या लेकीला तिथं तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई. आन आडात आसतील, आन न्हाई आणले पोलिस..."

तिने आडाकडे पाठ केली.

आता माझा नियम काढा. जावई रुसला ही होऊन गेलेली गोष्ट, म्हणजे साधा नंबर. जावई आडात पडलाय ही चालू असलेली गोष्ट, म्हणजे शंभर. पण पडून वेळ झाला असेल तर? (हा विचार मी तिथेच थांबवला.) येलदरीला पाणी किती वाढलं हे निदान पट्टीवर दिसायचं. जावई कुठवर गेलाय हे कशावर बघणार? आधी आडाचा निकाल लावू, असं ठरलं.

आडात पडलेल्या बादल्या काढायचा गळ गल्लीत एकट्या कौसाबाईंकडे होता. कौसाबाई आमच्या भिंतीला भिंत लागून राहत. एका तांब्यावरून आमचं त्यांचं बोलणं बरीच वर्षं बंद होतं. आमचा तांब्याचा तांब्या परसातून नाहीसा झाला, तो त्यांच्याकडेच गेला असणार असं मी चारचौघांत बोलून बसलो होतो. आता मीच त्यांच्या दारात गेलो आणि बादली पडली म्हणून गळ मागितला. बाई मनाची मोठी. नुसता गळ दिला नाही, काढू लागायला स्वतः आल्या. आम्ही गळ सोडला. सुमनने डोळे मिटले. गळ कशाला तरी अडकला, जड लागला, बायकोने देवाचं नाव घेतलं, आणि शेवाळाने हिरवागार झालेला आमचा तांब्या वर आला.

कौसाबाईंनी तांब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग आडाच्या काठावर कोरडी ठणठणीत उभी असलेली बादली पाहिली.

"पाव्हणे दिसंनात कुठं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, झोपलेत. गळ चारी बाजूंनी फिरवला, आणखी काही लागलं नाही. आडात जावई नाहीत, एवढं नक्की झालं. त्या आनंदात मी कौसाबाईंना वाकून नमस्कार केला. त्यांना तो तांब्याबद्दल वाटला, आणि त्या गहिवरून घरी गेल्या.

म्हणजे बायकोचं खरं. रुसलेत. मग स्टेशनवर जाऊन हातापाया पडून आणावं, म्हणून मी चपला घालायला गेलो, तर चपला नाहीत! दारामागे, खाटेखाली, कुठेच नाहीत. आणि तिथेच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. (अशा प्रकाशाने मी आयुष्यभर पोळलोय.) चोर आला. चपला उचलल्या. जावयांनी पाहिलं आणि बूट घालायलाही न थांबता, तसेच अनवाणी त्याच्यामागे पळाले. वीर माणूस! आणि ही गोष्ट होऊन गेलेली नाही, या क्षणी चालू आहे. चोर पळतोय, जावई पळतायत.

मी शंभर नंबर फिरवला.

पलीकडच्या शिपायाला मी सगळं सांगितलं. चोर पळतोय, जावई मागे लागलाय, चोराजवळ हत्यार असू शकतं. कुठल्या दिशेला पळाले, असं त्याने विचारलं. ते मला माहीत असतं तर मी फोन कशाला केला असता, असं मी म्हणालो. मग त्याने जावयाचं नाव विचारलं.

"जावईबापू," मी म्हणालो.

"तसं न्हाई. नाव, नाव."

आणि माझ्या डोक्यातून नाव गेलं. लग्नपत्रिकेवर मीच छापून घेतलेलं नाव! सोयरीक ठरल्या दिवसापासून घरात सगळे 'जावईबापू' नाहीतर 'पूर्णेचे पाव्हणे' म्हणायचे, दुसरं नाव जिभेला माहीतच नव्हतं. बायको देवघरात जाऊन बसली होती. मी रिसीव्हर सुमनच्या हातात दिला आणि म्हणालो, नवऱ्याचं नाव सांग लवकर.

पोरगी लालबुंद झाली. नवऱ्याचं नाव असं भसकन घ्यायची तिला कुणी शिकवण दिली नव्हती. मी डोळे वटारले, तिने डोळे मिटले, पदर सावरला, आणि दोन्ही हातांनी रिसीव्हर धरून म्हणाली,

"परसात आड, आडाला रहाट,
दिगंबररावांची पाहते मी वाट."

मग तो शिपाई अगदी अदबीने म्हणाला, "बाई, आडनाव बी लागतंय."

त्या दिवशी चौकात बंदोबस्ताची गाडी उभीच होती. ती सरळ आमच्या गल्लीत आली. हेल्मेट घातलेले, काठ्या घेतलेले पोलिस धडाधड उतरले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने फळ्या लावून टाकल्या, बायकांनी पोरं आत ओढली, खिडक्या बंद झाल्या. एका जावयापायी आमची गल्ली बंद झाली. फौजदार पुढे आले आणि चोरीला काय गेलंय ते विचारलं.

"चपला," मी म्हणालो.

फौजदारांनी टोपी काढून घाम पुसला. हा फौजफाटा, ही गाडी, या काठ्या, सगळ्यांकडे एकदा पाहिलं. आणखी काय गेलंय, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यांच्या आवाजात आशा होती.

"नुसत्याच चपला. चामड्याच्या. डाव्या चपलेचा अंगठा नवा बसवलाय, पांढऱ्या दोऱ्यानं शिवलाय."

मागून एक हवालदार खाकरला. "साहेब, आसल्या चपला आमच्या दारात हायत."

सगळे त्याच्याकडे वळले. बिचारा घाबरून भराभर बोलू लागला. त्याची बायको पूर्णेची. दुपारी तिला रस्त्यात माहेरच्या गावचा माणूस भेटला, शतपावली घालत होता. धोंड्याचा महिना, गावचा भाऊ दारावरून रिकाम्या पोटी कसा जाऊ द्यायचा, म्हणून तिने त्याला घरी नेला. "मी घरी जेवून निघालो तवर तर जेवायलाच लागले व्हते. नको नको म्हणायले व्हते, पर ती कुठं ऐकायलीय."

फौजदारांनी मला गाडीत बसायला सांगितलं. मी अनवाणीच चढलो.

पोलिस लाइनीत, ठाण्याच्या अगदी मागे, आमचे जावई पाटावर बसले होते. समोर ताट, ताटात धोंडा, धोंड्यावर तूप, आणि शेजारी ती माउली आणखी एक घेऊन उभी. (साध्या नंबरवर फोन केला असता तर कुणीतरी खिडकीतूनच हाक मारून विचारलं असतं.) गाडीतून काठ्या घेतलेले पोलिस उतरले, त्यांच्या मधोमध मी उतरलो. जावई उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"मामा, येतो मी घरी," ते म्हणाले. "पर रातच्याला जेवणार न्हाई. काय बी करा."

त्यांना वाटलं, मी रात्रीच्या जेवणाला न्यायला पोलिस घेऊन आलोय! रुसवा नाही, अंगठी नाही, काही नाही. बूट कचाकच चावत होते, ते मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी गुपचूप माझ्या चपला घातल्या होत्या, आणि आमच्या आग्रहापासून जीव वाचवायला घराबाहेर पडले होते. मला इतकं हायसं वाटलं, की मी सगळ्यांसमोर त्यांना मिठी मारली. त्यांनी मला, पोटावर दाबू नका, एवढीच विनंती केली.

फौजदार भले माणूस. त्यांनी आम्हाला गाडीतूनच घरी सोडलं. गल्लीने आता खिडक्या उघडल्या होत्या. माझ्या चपला अजून जावयांच्याच पायात होत्या, म्हणून जावयांनी आधी उडी मारली, मला दंडाला धरून अलगद खाली उतरवलं आणि तसंच धरून घरात नेलं. दारात सुमन उभी होती. नवऱ्याला पाहून ती हसली आणि मग रडली. त्या संध्याकाळी घरात चूल पेटली नाही, कुणाला भूकही नव्हती, आणि अंगणात बसून आम्ही पोट धरधरून हसलो. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या संध्याकाळींपैकी ती एक.

धास्ती एकच राहिली होती, पूर्णेची. पोलिसांची गाडी सगळ्या गल्लीने पाहिली होती, आणि गल्लीतली निम्मी माणसं रोज पॅसेंजरने पूर्णेला कामाला जायची. दोन दिवसांनी, जावई पूर्णेला परतायच्या आतच, व्याह्यांचा फोन आला. मी 'हॅलो' म्हणालो. सुमन माझ्या तोंडाकडे बघत दारातच थांबली.

व्याही मात्र फारच मायेने बोलायला लागले. तब्येत कशी आहे, झोप लागते का, असं विचारत राहिले. मला काही कळेना.

"आता घर वळखू येतंय ना?" त्यांनी विचारलं.

मग हळूहळू उलगडलं. त्यांना रेल्वेत आमच्या गल्लीतल्या कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं होतं. सासरे भ्रमिष्टासारखे अनवाणी फिरत होते, पोलिसांना सापडले, आणि दिगंबरने गाडीतून हाताला धरून घरी आणून सोडले.

"आमच्या पोराला तुमच्या उपेगी पडता आलं, आमाला लय समाधान वाटलं," व्याही म्हणाले. "सुमनला मनाला लावून घेऊ देऊ नका. लय गुणाची पोरगी हाय. वयात व्हतंच आसं. पुन्हा एकटं बाहीर पडू नका फक्त."

मी सुमनकडे पाहिलं. माझं वय तेव्हा साठीच्याही अलीकडे होतं, डोकं शाबूत होतं, आणि खरं काय ते सांगायला तोंडही होतं.

"आता येतंय ओळखू," मी म्हणालो. "दिगंबरराव होते म्हणून सापडलो."