शून्याचा खटका

माझा उजवा पाय बसल्या जागी हलत असतो. भाजी निवडताना हलतो, टीव्हीसमोर हलतो, पोथी पुढ्यात असली तरी हलतो. आई म्हणायची, बसून पाय हलवू नये, लक्ष्मी निघून जाते. आता तिला कोण सांगणार, मी पाय हलवूनच लक्ष्मी घरात आणली. उल्हासनगरला जीन्सच्या गाळ्यांमध्ये मोटारच्या शिलाई मशीनवर तेवीस वर्षं काढली मी. तिथे सगळा वेग पायात असतो. पुढे दाबलं की मशीन पळते, टाच मागे घेतली की थांबते, आणि हात नुसते कापड सरकवत राहतात. काम सुटलं, पण पायाला कुणी ते कळवलंच नाही.

आमचे हे बरोबर उलटे. जांभूळला पाण्याच्या प्लांटवर पंप चालवायचे. लग्नानंतर एकदा मी डबा घेऊन गेले होते, तेव्हा हे व्हॉल्व उघडत होते. माझा जीव वरखाली झाला बघून. चाक दोन बोटं फिरवायचं, थांबायचं, पाइपाकडे कान करायचा, परत दोन बोटं. मी म्हटलं, अहो, फिरवा की एकदाचं. तर म्हणाले, एकदम उघडला तर पाणी आतून धडक देतं, पाइप फुटतो, मग अर्धं गाव कोरडं. असा हा माणूस. जेवायला बसला तरी तसाच. माझं आवरून भांडी होत आली की यांचा शेवटचा घास.

गेल्या वर्षी यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं शाबूत राहिलं, पाय दोन महिन्यांत चालता झाला, थोडा ओढत का होईना. हात मात्र परत आला नाही. म्हणजे होता तिथेच, मांडीवर, पण कुणी दुसऱ्याने सांभाळायला ठेवून जावा तसा. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, या हाताला काम द्या, नाहीतर डोकं त्याला विसरून जाईल. एकदा विसरलं की मग अवघड आहे. अंबरनाथला व्यायाम घेणारी एक बाई होती, तिने दाबायला रबरी चेंडू दिला. यांनी तो चार दिवस दाबला आणि पाचव्या दिवशी कपाटाखाली जाऊ दिला. मी काठीने काढला, परत गेला. मी परत काढला. तिसऱ्यांदा म्हणाले, राहू दे गं तिथे, त्याला आवडतंय.

आणि खोटं कशाला सांगू, मीच त्या हाताला काम मिळू देत नव्हते. बटण लावायला यांनी हात उचलायच्या आत माझी बोटं तिथे. भाकरी मोडायची, मी मोडून ठेवलेली. तुम्ही म्हणाल माया. माया असेलही, पण निम्मी माझी घाई होती. दुसऱ्याचं सावकाश बघवतच नाही मला. गाळ्यात शेजारणीचा पीस अडला तरी माझा हात तिच्या मशीनवर जायचा, शिव्या खाल्ल्यात त्याबद्दल.

माझ्या भावाची मुलगी रेल्वेच्या पूर्वेला, शिरगावात राहते. कॉम्प्युटरवर काम करते, निम्मे दिवस घरूनच. ती काकांना बघायला यायची तेव्हा तिचा जुना लॅपटॉप घेऊन यायची, आणि त्यात एक अंतराळाचा खेळ होता. मारामारी नाही त्यात, म्हणजे असेलही, ती करत नव्हती. एका स्टेशनातून माल भरायचा आणि दुसऱ्या स्टेशनात उतरवायचा. अंतराळात जाऊनसुद्धा टेम्पोच चालवायचा तर कशाला जायचं एवढ्या लांब, असं मी म्हटलं. पण हे बघत होते. कितीतरी महिन्यांनी हे कशाकडे तरी बघत होते.

"याला ब्रेक कुठे असतो?" यांनी विचारलं.

भाची म्हणाली, ब्रेक नसतोच काका. तिकडे हवा नाही, काही नाही, एकदा ढकललं की जहाज जातच राहतं. थांबवायचं तर तेवढाच जोर उलटा लावायचा, आणि तोही आधीपासून, हळूहळू.

यांनी मान डोलावली, अशी की तीस वर्षं हेच तर सांगतोय मी सगळ्यांना.

मग दोघांचं सुरू झालं. कीबोर्डची बटणं यांना काही जमेनात. भाची म्हणाली, याला खरं तर जॉयस्टिक आणि थ्रॉटल लागतं. उजव्या हातात दांडी, तिने जहाज वळवायचं. डाव्या हाताखाली थ्रॉटल, म्हणजे पुढेमागे होणारी मोठी मूठ, वेग तिने कमीजास्त करायचा. डावा हात म्हटल्यावर मी चपापले. यांनी मांडीवरच्या हाताकडे एकदा बघितलं. ते बघणं मी बघितलं.

भाची मोबाइलवरून मागवणार होती. मी म्हटलं, नको, हाताने चालवायची वस्तू हाताने बघून घ्यायची. उल्हासनगरात एक सिंधी सेठ आहे, आमच्या गाळ्याच्या गल्लीत त्याचं चेन आणि बटणांचं दुकान होतं. जीन्सचं काम तिथून हललं तसं त्याने दुकान बदललं, आता कॉम्प्युटरच्या खेळांचं सामान ठेवतो. मोटारीची स्टिअरिंगं जास्त खपतात, विमानाच्या दांड्या वरच्या फळीवर धूळ खात. तो मला ओळखतो. चेन अडकते की नाही ते मी दहादा ओढून बघायचे, म्हणून लक्षात राहिले असणार.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजले. एक दांडी मिळाली, तिच्यात सगळंच होतं. वाकवली की जहाज वळतं, पिळली की तोंड फिरतं, आणि बुडाशी अंगठ्याने सरकवायची छोटी पट्टी, वेगाची. म्हणजे उजव्या एका हातात सारा कारभार. सेठ म्हणाला, नया आदमी यही लेता है. मी मनात म्हटलं, झालं की काम. डाव्या हाताला त्रासच नको.

घरी आणली. यांनी अर्धा दिवस चालवली, चांगली चालवली. मी समोर बसून कौतुक करत होते. मग यांनी दांडी सोडली, खुर्ची जरा मागे घेतली आणि म्हणाले,

"डाव्याला कामावरून काढलंस ना तू."

रागाने नाही हो. रागावले असते तर मी चार शब्द बोलले असते, मोकळी झाले असते. नोटीस वाचून दाखवावी तसं म्हणाले, आणि लॅपटॉप मिटला. दोन दिवस उघडला नाही. भाची आली तर म्हणाले, डोळे दुखतात.

ते दोन दिवस मी घरात भिरभिरत होते. डबे घासलेले परत घासले. पोटमाळा काढला. तिथे माझी जुनी पिशवी सापडली, डेनिमच्या तुकड्यांची. बसल्या बसल्या एक तुकडा हाताशी चाळवत होते आणि अंबरनाथच्या बाईचं बोलणं आठवलं. तिने यांना विचारलं होतं, हाताला कसं लागतं? हे म्हणाले होते, जाड कापडातून लागावं तसं. मी तिथेच बसले होते, पण ऐकलं नव्हतं, बाहेर रिक्षा थांबवून ठेवली होती ना.

तुकडा दुहेरी केला आणि डाव्या तळव्यावर ठेवून वरून रुमाल बांधला. मग घरात फिरले. नळ धरला, कडी धरली, पेला धरला. पेला हातात आहे हे डोळ्यांनी बघावं लागत होतं. भिंतीवरचं दिव्याचं बटण दाबलं, ते दाबलं गेलं की नाही ते दिव्यावरूनच कळलं. मी आपली त्या बटणापाशी उभी राहिले. वर्षभर हे असं जगत होते, आणि मी म्हणत होते, अहो धरा ना नीट.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तुकडा पर्समध्ये घालून परत सेठकडे. म्हटलं, ही दांडी तशीच ठेवते, पण मला डावं थ्रॉटल वेगळं हवं, आणि शून्य कुठे आहे ते हाताला कळलं पाहिजे. भाचीने समजावलं होतं मला, अंतराळात मधोमध शून्य असतं, पुढे ढकललं की पुढे, मागे ओढलं की उलटा जोर. म्हणजे सगळी मेख मधल्या जागेत. तीच कळली नाही तर माणूस थांबणार कसा?

सेठने तीन काढून दिली. मी काउंटरवर हाताला डेनिम बांधलं तसा तो बघतच राहिला. "आंटी, ये गरम नहीं होता," म्हणाला. मी म्हटलं, तुम चाय मंगाओ, मेरेको टाइम लगेगा.

पहिलं होतं ते रुळावरून सरकणारं, लोण्यासारखं. उघड्या हाताला फार छान, आणि डेनिममधून मुकं. डोळे मिटले की कुठे आहोत पत्ताच नाही. दुसऱ्याला दोन मुठी शेजारी शेजारी, दोन इंजिनांच्या. त्याला बोटं फाकवायला लागतात. ते बाजूला. तिसरं जुनं होतं, खोका फाटलेला, एकच रुंद मूठ, झोपाळ्यासारखी पुढेमागे जाणारी. डोळे मिटून ढकललं, ओढलं. मधोमध आलं आणि टक्क. कोपरापर्यंत लागलं. दोन पदर डेनिम, वर रुमाल, तरी लागलं.

"इसका खटका कड़क है," सेठ म्हणाला. "लोग कंप्लेंट करते हैं, इसलिए पड़ा है. लोग लाइट देखते हैं, आंटी. जीरो आज तक किसी ने नहीं पूछा."

मी ते तिथेच वीस वेळा पुढेमागे केलं. चहा गार झाला.

घरी भाचीने टेबलाच्या कडेला ते शिकंज्याने आवळून बसवलं. खाली एक स्क्रू होता, मूठ किती जड किंवा हलकी चालावी ते ठरवणारा. आता बघा, एवढं शहाणपण केलं आणि परत तेच केलं मी. हात अशक्त, म्हणून स्क्रू पूर्ण सैल करून ठेवला. यांना सांगितलंही नाही.

यांनी उजव्या हाताने डावा उचलला आणि मुठीवर ठेवला. बोटं मिटत नव्हती, मग तळव्याच्या टाचेने ढकललं. मूठ सुटली ती थेट शेवटपर्यंत. जहाज स्टेशनावर आपटलं. परत. परत आपटलं. तिसऱ्यांदा माझा हात गेलाच, यांच्या हातावर.

"हात काढ," हे म्हणाले.

काढला. मग म्हणाले, स्क्रूड्रायव्हर आण. स्वतः वाकून, उजव्या हाताने, टेबलाखालचा स्क्रू आवळायला लागले. भाची म्हणाली, काका, एवढं कडक केलं तर हलणार नाही.

"सैल असला की तोच आपल्याला ओढतो," हे खालूनच म्हणाले. "आपण ढकलतोय हे हाताला कळायला नको?"

त्यानंतर रोज दुपारी जेवणं झाली की हे टेबलाशी. स्टेशनाला एक तोंड असतं, पेटीसारखं चौकोनी, त्यात जहाज हळू शिरवायचं. वेग जास्त झाला तर आपटतं, कमी झाला तर वळायच्या आत दुसरीकडेच वाहत जातं. हे रोज आपटायचे. वर्षभर मांडीवर पडलेला हात आता त्या मुठीमागे रेटून रेटून थरथरायचा, खांद्यातून घाम यायचा यांना. मी शेजारच्या खुर्चीवर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. शपथेवर सांगते, तेवीस वर्षांत इतके कष्ट केले नाहीत मी. हात दाबले की पाय सुटायचा. जहाज जवळ आलं की मी जमिनीवर टाच मागे घ्यायची, जणू मशीन थांबवतेय.

एकदा हे पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, पाय थांबव, स्टेशन हलतंय.

टेबल हलत होतं. मी पाय खुर्चीच्या मागे अडकवला.

आणि परवाचा दिवस. भाची नव्हती, आम्ही दोघंच. जहाज लांबून येत होतं, यांनी मूठ आधीच मागे घ्यायला सुरुवात केली होती, दोन बोटं, थांबायचं, परत दोन बोटं. मला वाटत होतं ओरडावं, अहो लवकर. तोंडाजवळ आलं. अजून थोडं मागे. डावीकडे सरकलं, उजव्या हाताने सावरलं. ते चौकोनी तोंड पडदाभर झालं, यांनी मूठ परत मधोमध आणायला घेतली आणि मी डोळे मिटले. मी बघत नव्हते म्हणून मला ऐकू आलं, टक्क.

"लागलं," हे म्हणाले.

मला वाटलं जहाज लागलं भिंतीला. डोळे उघडले तर जहाज तसंच, दाराच्या बाहेर, हवेत उभं. म्हणजे हवा नाही तिथे, पण उभं.

"काय लागलं?"

"शून्य," म्हणाले. "हाताला लागलं."

यांनी मूठ जराशी पुढे ढकलली आणि मधून पार तेवढीच मागे ओढली. टक्क. या वेळी यांचे डोळे मिटलेले होते. परत पुढे, परत मागे, टक्क. स्टेशनातली बाई इंग्रजीत काहीतरी बजावत होती, जागा अडवली असणार आम्ही. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. जहाज दारात पुढे जायचं, मागे यायचं. आत नेण्याची यांना घाईच नव्हती.

मला उठायचं होतं. दूध तापवायचं होतं, वाळत घातलेले कपडे काढायचे होते. बसले तशीच. माझे दोन्ही हात मांड्यांखाली मुंग्या येऊन बधिर झाले होते, कुणाचे आहेत कळत नव्हतं, आणि मी काही ते काढले नाहीत.