फुजैरातलं इटालियन

फुजैरात वाढलेल्या आम्हा मंडळींना किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे ते आपोआप साठतात, एक ओढली की दहा बाहेर येतात. परवा पुण्यात जेवताना कोणीतरी विचारलं, "तू शाळेत इटालियन शिकलीस? तेही फुजैराला?" झालं. सगळ्यांची आमटी गार होईपर्यंत मी बोलत होते.

*

नव्वदच्या दशकाचा शेवट. अमिरातीतलं फुजैरा म्हणजे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि समुद्रात तेल भरायला खोळंबलेली जहाजं. बाबा तिथल्या ऑइल टर्मिनलवर इंजिनिअर होते. त्यांच्याच टर्मिनलवरच्या एका इटालियन इंजिनिअरची बायको घरी बसून कंटाळली आणि आमच्या एवढ्याशा शाळेत शिकवायला आली. तिला आम्ही 'सिन्योरा' म्हणायचो, म्हणजे आपल्याकडे 'बाई' म्हणतात तसं.

अकरावी-बारावीला तिचा ॲडव्हान्स्ड कोर्स होता, भाषा आणि संस्कृती. विद्यार्थी चार : मी, हुदा नावाची सीरियन मुलगी, रोहन आणि वसईचा मेल्विन. शेवटच्या तोंडी परीक्षेला दुबईहून डोंगर ओलांडून परीक्षक यायचा, आणि किमान चार परीक्षार्थी असतील तरच यायचा. तीन झाले की कोर्स खलास.

*

पहिल्या दिवशी सिन्योराने एका जुन्या चित्राची मोठी प्रिंट फळ्यावर लावली. जेवणाचं टेबल, भोवती माणसं. "बघा," म्हणाली आणि गप्प बसली. अख्खा पिरियड आम्ही बघत होतो. दुसऱ्या दिवशी तेच चित्र. तिसऱ्या दिवशीही तेच. रोहन माझ्या कानात म्हणाला, "बाईंकडे एकच पोस्टर आहे बहुतेक."

पाचव्या दिवशी मी एकदम हात वर केला. "सिन्योरा, टेबलाखाली कुत्रा आहे."

"हो," ती म्हणाली. "सोमवारपासून आहे."

त्या दिवशी घरी आल्यावर मी आमच्या हॉलच्या खिडकीतून खूप वेळ बाहेर बघत बसले. चार वर्षं त्याच घरात राहत होते, आणि समोरच्या मशिदीच्या दाराला निळ्या रंगाची नक्षी आहे हे मला तेव्हा कळलं.

*

बाकी आम्ही तिघं इटालियनला हौसेने आलो होतो. मेल्विनचं तसं नव्हतं. त्याचे आजोबा वसईच्या चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचे, आणि मेल्विनला ते वाजवायचं नव्हतं, बनवायचं होतं. इटलीत ते शिकवणारी एक शाळा आहे. तिथे अर्ज करायला या कोर्सचं सर्टिफिकेट लागणार होतं. त्याचे वडील हॉटेलच्या किचनमध्ये कुक होते. दुसरीकडे कुठे क्लास लावणं त्यांना झेपणारं नव्हतं, त्यामुळे जे काही होतं ते आमच्या वर्गात.

एकदा तो बुटांच्या खोक्यातून आजोबांचं व्हायोलिन सुटे भाग करून घेऊन आला. एकेक तुकडा बाकावर मांडत त्याने इटालियनमध्ये सांगायला सुरुवात केली. हा भाग काय करतो, हा इतका पातळ का, आतली ही एवढीशी काडी काढली तर आवाज कसा मरतो. एरवी बसमध्ये तोंडातून शब्द न काढणारा मुलगा! मी त्याच्याकडे बघतच राहिले. सिन्योरा हळूच खाली बसली, तिच्या खुर्चीवर नाही, आमच्या बाकावर.

*

आता भांड्याचा किस्सा. सिन्योराने एकदा आमच्यासाठी काचेच्या भांड्यातून गोड काहीतरी पाठवलं. आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. आईने त्यात नारळाच्या वड्या भरल्या. सिन्योराला वाटलं ही नवी भेट, तिने ते लिंबाच्या केकने भरलं. आईने शंकरपाळे भरले.

पाच महिने ते भांडं माझ्या मांडीवर स्कूल बसने ये-जा करत होतं. शेवटी आई वैतागली. "ही बाई थांबायचं नावच घेत नाही गं. माझे पदार्थ संपले आता."

"Aai, just send it empty," मी म्हटलं.

"रिकामं? लाज नाही का वाटत?"

त्याच आठवड्यात सिन्योराने मला बाजूला घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "तुझ्या आईला राग न येता हे कसं थांबवता येईल?"

*

बारावीच्या सुरुवातीला बाबांनी जाहीर केलं, "इटालियन बंद. त्या वेळात फिजिक्स. इटालियन शिकून काय करणार, पिझ्झाच्या ऑर्डरी घेणार?" मी रडले. माझ्यासाठी थोडी आणि मेल्विनसाठी जास्त, कारण मी गेले की तीनच उरणार होते. बाबा ऐकेनात. सुट्टी काढून नाव काढायला शाळेत आले.

वर्ग चालू होता, म्हणून बाहेरच्या बाकावर बसले. आत मेल्विन बोलत होता. बाबांना एक अक्षर कळत नव्हतं, तरी काचेतून बघत राहिले. बेल झाल्यावर त्यांनी सिन्योराला विचारलं, "तो मुलगा इतकं काय सांगत होता?"

"व्हायोलिनसाठी झाड कसं निवडतात ते. डोंगराच्या थंड बाजूचं, हळूहळू वाढलेलं."

"म्हणजे ग्रेन, लाकडातल्या रेषा, जवळजवळ येतात," बाबा म्हणाले. मग मेल्विनला बोलावलं. मग कागद निघाला, पेन निघालं. अर्धा तास लाकूड चाललं होतं.

घरी आल्यावर आईने विचारलं, "काढलं का नाव?"

"कोणाचं?" बाबा म्हणाले.

*

आणि दोन महिन्यांत रोहनच्या वडिलांची दुबईला बदली झाली. उरलो तीन. आम्ही अख्खी शाळा पालथी घातली. आयत्या वेळी ॲडव्हान्स्ड इटालियनला कोण येणार? नावं पाठवायला चार दिवस उरले. मेल्विन आम्हालाच समजावत होता, "जाऊ दे गं. इन्शाल्ला, दुसरं काहीतरी बघू." ते ऐकून जास्तच वाईट वाटायचं.

तिसऱ्या दिवशी बाबा प्रिन्सिपॉलसमोर जाऊन बसले. नियमांचा कागद त्यांनी आदल्या दिवशी माझ्याकडून मागून घेतला होता.

"मिस्टर सबनीस, this is a high school," प्रिन्सिपॉल म्हणाले.

"I know, sir. पण यात चार candidates लिहिलंय. वय कुठे लिहिलंय?"

प्रिन्सिपॉलनी कागद दोनदा वाचला. मग चष्मा काढून हसले आणि सही केली.

बाबांनी टर्मिनलवर पहाटेची शिफ्ट मागून घेतली. दुपारी तसेच सेफ्टी शूज घालून शेवटच्या बाकावर येऊन बसायचे. सिन्योरा त्यांनाही सोडायची नाही. गृहपाठ नसला की हुदाच्या आणि माझ्यासमोर उभं करायची. घरी मी त्यांची वही तपासायचे. लाल पेनने. दोन वर्षांचा कोर्स त्यांना पाच महिन्यांत जमणार नाही हे मला दिसत होतं, त्यांनाही दिसत होतं. आयुष्यात फर्स्ट क्लासच्या खाली न उतरलेला माणूस रोज इमानदारीने नापास व्हायची तयारी करत होता.

*

परीक्षेच्या दिवशी खोलीतला एसी बंद पडला, म्हणून दार उघडंच ठेवलं होतं. आम्ही बाहेर खुर्च्यांवर. आधी हुदा, मग मी, मग बाबा, शेवटी मेल्विन. मेल्विनचा चेहरा पांढराफटक पडला होता.

परीक्षक पांढऱ्या केसांचा, कडक गृहस्थ. बाबा आत गेले तर त्याने पालक समजून त्यांना बाहेरची खुर्ची दाखवली. बाबांनी हॉल तिकीट पुढे केलं. टाय लावून गेले होते.

नाव, गाव, नोकरी इथपर्यंत बाबा नीट बोलले. मग परीक्षकाने एक चित्र दाखवून काहीतरी विचारलं. "माहीत नाही," बाबा इटालियनमध्ये म्हणाले. दुसरा प्रश्न. "माहीत नाही." तिसरा, चौथा. आवाज तसाच, शांत. माझे डोळे भरून आले.

परीक्षकाने वही मिटली. "सिन्योर, मग तुम्ही ही परीक्षा कशासाठी देताय?"

बाबा थांबले. एकेक शब्द शोधून, जोडून, त्यांनी वाक्य तयार केलं. आमच्या वहीत नसलेलं, कोणी न शिकवलेलं.

"चार माणसं लागतात. बाहेर एक मुलगा बसलाय, त्याला उत्तरं येतात. मी चौथा."

परीक्षकाने मिटलेली वही पुन्हा उघडली. मग बाबा बाहेर आले, मेल्विनची कॉलर सरळ केली आणि म्हणाले, "यल्ला, जा. माणूस चांगला आहे, सावकाश बोल."