खालच्या कप्प्यातला फ्लास्क

समुद्राच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या त्या प्रयोगशाळेत मावशींनी चोवीस वर्षांत एकही सोमवार चुकवला नव्हता. जुन्या फ्लास्कमधलं चमचाभर तपकिरी पाणी नव्या फ्लास्कमध्ये सोडायचं, कापसाचा बोळा घट्ट बसवायचा, तारीख चिकटवायची. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारं समुद्री शेवाळ असे. सगळे प्रयोग त्याच्यावर चालत. नवरा गेला तेव्हाही सोमवार आला म्हणून मावशी पाचव्या दिवशी कामावर हजर झाल्या होत्या. नणंदेनं ते अजून मनात धरलं होतं.

दोन खोल्यांच्या घरात आता या दोघीच. मावशींचे गुडघे कामातून गेले होते. ऑपरेशनची तारीख तिसऱ्यांदा मिळाली होती. आधीच्या दोन्ही त्यांनीच पुढे ढकललेल्या.

"वहिनी, या खेपेला तारीख टाळलीत तर मी तुमचे पाय चेपणार नाही, सांगून ठेवते."

"आजवर कधी चेपलेत, वन्सं?"

"तेच म्हणते. यापुढेही नाही."

दोन महिन्यांपूर्वी प्रयोगशाळेत नव्या मॅडम आल्या. मावशींच्या फ्लास्कमध्ये शेवाळाबरोबर जिवाणूही राहतात, ते त्यांना नको होते. त्यांनी औषधं घालून, पुन्हापुन्हा गाळून, सहा फ्लास्क निव्वळ शेवाळाचे केले. मग म्हणाल्या, "मावशी, जुने सगळे वाफेवर मारून ओतून टाका. एक थेंब राहता कामा नये."

मावशींनी चाळीस फ्लास्क वाफवले, ओतले, घासले. चोवीस वर्षांचं मोरीत गेलं. शेवटी खिडकीजवळच्या मांडणीत अगदी खालच्या कप्प्यात, डब्यांमागे, एक फ्लास्क दिसला. तो काढायचा तर जमिनीवर बसावं लागलं असतं, आणि बसल्यावर उठवायला कुणाला तरी हाक मारावी लागली असती. उद्या बघू, म्हणून त्यांनी रजिस्टरात 'सर्व नष्ट' लिहून सही केली. दुसऱ्या दिवशी गुडघे जास्तच दुखत होते. मग ते राहूनच गेलं.

तीन सोमवार शेवाळ छान वाढलं. चौथ्या सोमवारी सहाही फ्लास्क भांडी विसळलेल्या पाण्यासारखे दिसायला लागले. मॅडमनी क्षार तपासले, दिवे तपासले, आणि मग मावशींकडे वळल्या.

"फ्लास्क नीट धुता ना? साबण राहत नाही ना?"

मावशी प्रत्येक फ्लास्क सात पाण्यानं धुवायच्या. त्यांनी एक धुतलेला फ्लास्क उजेडात धरून दाखवला.

"राग मानू नका. पण दुसरीकडून मागवायचं तर दोन-तीन महिने जातील. हे सावरेपर्यंत तुमची रजा मला देता येणार नाही."

ऑपरेशनला दहा दिवस उरले होते.

घरी येऊन मावशी चप्पलसुद्धा न काढता खुर्चीत बसल्या. नणंदेनं चहा पुढे ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं, खालच्या फ्लास्कसकट.

"तो काढून दाखवा की मग."

"सही केलीय, वन्सं. सर्व नष्ट म्हणून. आधीच माझ्या धुण्यावर संशय. आता खोटारडीही ठरेन."

"आणि नाही दाखवला तर?"

"तर रजा नाही. आणि तो तरी जिवंत असेल कशावरून?"

"बघितलात का?"

"वाकायला नको?"

नणंदेनं कप उचलला. "चोवीस वर्षं त्या पाण्यासाठी मरमर मेलात, आता शेवटी एकदा वाका. उठता नाही आलं तर बसा तिथंच, मी येते न्यायला."

सकाळी मॅडम यायच्या आधी मावशींनी टेबलाची कड धरली आणि एकेक पाय दुमडत खाली बसल्या. डब्यांमागून फ्लास्क ओढला. वरचं पाणी नितळ होतं, तळाशी दाट तपकिरी साका. त्यांनी हलवलं तसा रंग वर चढला. उठायला पाच मिनिटं लागली.

मॅडम येताच त्यांनी तो टेबलावर ठेवला. "हा टाकायचा राहिला होता. सही मी खोटी केली."

मॅडमचा चेहरा उतरला. "का?"

"वाकवत नव्हतं."

मॅडमनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग त्यातला थेंबभर एका फिकट फ्लास्कमध्ये सोडला. दुसऱ्यात थेंब गाळून, नुसते जिवाणू. पाचव्या दिवशी दोन्हींनी रंग धरला. बाकीचे चार तसेच फिके.

"तुमच्या धुण्यात काही खोट नव्हती," मॅडम म्हणाल्या. "या शेवाळाला एक जीवनसत्त्व लागतं, ते त्याला स्वतःला करता येत नाही. हे जिवाणू करून देतात, आणि शेवाळाच्या साखरेवर जगतात."

"मग तीन आठवडे कशावर काढले?"

"अंगात थोडा साठा होता. तो संपला."

"म्हणजे त्यांना आपण वेगळं काढलं."

"मी काढलं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी रजिस्टर उघडून 'सर्व नष्ट' खोडलं, 'एक शिल्लक' लिहिलं आणि पेन पुढे केलं. मावशींनी सही केली.

"मावशी, आत्ताशी कुठे जीव धरतंय. ऑपरेशन पुढच्या महिन्यात..."

"नाही." मावशी स्टूल ओढून बसल्या. त्या खोलीत कुणासमोर त्या पहिल्यांदाच बसत होत्या.

मॅडमनी रजिस्टर मिटलं. "मग सोमवारचं कोण करणार?"

"तुम्ही. चमचाभर सोडायचं, बोळा घट्ट लावायचा, तारीख चिकटवायची."

"बरं. आणि हा जुना कुठे ठेवू?"

"होता तिथंच. त्याला तिथला उजेड मानवलाय."

मॅडमनी सवयीनं फ्लास्क त्यांच्यापुढे धरला. मावशींनी हात मांडीवरून काढले नाहीत.

"अगदी खाली आहे," त्या म्हणाल्या. "वाकावं लागेल."